असं कोर्टात होत नसतं

साक्षीदार पिंजऱ्यात रडतोय, न्यायाधीश हातोडा आपटतोय, वकील टेबलावर मूठ मारून ‘ऑब्जेक्शन!’ म्हणतोय, असा सीन टीव्हीवर लागला की मला अजून टेंबेकाकांचा आवाज ऐकू येतो. “हातोडा कुठून आणला यानं? आमच्या कोर्टात हातोडा फक्त खुर्ची ठोकायला येणाऱ्या सुताराकडे असते! आणि टायपिस्ट कुठे गेला? एवढं बोलून राहिले सगळे, लिहून कोण घेते? असं कोर्टात होत नसतं!”

हे शेवटचं वाक्य ते इतक्यांदा म्हणायचे की मालिका सुरू होण्याआधीच काकू ते म्हणून टाकायच्या. म्हणजे एकदाची साडेसाती टळली. पण टळायची नाही.

दत्तात्रय टेंबे आमचे सदर बाजारातले शेजारी, भिंतीला भिंत लागून. जबलपूरच्या जिल्हा कोर्टात ते सरकारी वकील होते. खून, दरोडे, असल्या खटल्यांत सरकारच्या बाजूनं उभं राहायचं हे त्यांचं काम. अंगानं किरकोळ, पण मे महिन्यातही काळा कोट उतरायचा नाही. आणि बोलणं सगळं उलटतपासणीचं. इथल्या कोर्टात वकील साक्षीदाराला विचारतात, ‘यह कहना सही है कि अमुक अमुक?’ आणि साक्षीदारानं म्हणायचं, ‘यह कहना गलत है.’ तीस वर्षं हेच तोंडात बसलेलं. जेवताना पानावरूनच ओरडत, “शालू, यह कहना सही है कि आज आमटीत मीठ दोनदा पडलं?”

स्वयंपाकघरातून शालूकाकू तितक्याच शांतपणे म्हणत, “यह कहना गलत है. तुम्ही लोणचं जास्त घेतलं.”

मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. घरी टीव्ही असून शनिवार-रविवारी संध्याकाळी आठ वाजता मी त्यांच्याकडे जायचे, कारण काकूंना ती कोर्टाची हिंदी मालिका फार आवडायची आणि एकटीनं काकांचं ओरडणं ऐकवायचं नाही. काकूंना निकाल काय लागतो ते हवं असायचं. काकांना तारीख हवी असायची. “आरोपी काल पकडला अन् आज गवाही? अन् तारीख? तारीख कोणाच्या बापानं दिली याला?” मला वाटायचं, उठून या माणसाच्या तोंडात खोवा जलेबी कोंबावी.

हसण्यावारी नेण्यासारखा माणूस नव्हता मात्र तो. दोन नियम होते त्यांचे, आणि दोन्ही असे कडक की घरच्यांनी कपाळावर हात मारावा. पहिला, खटल्यातल्या कोणाकडून पाण्याचा घोट घ्यायचा नाही. एकदा भेडाघाटचा एक मूर्तिकार आला होता. त्याच्या मुलाच्या खुन्यांना काकांनी जन्मठेप मिळवून दिली होती. बिचारा ऑटोत मांडीवर धरून संगमरवरी गणपती घेऊन आला. काकांनी दारातच चप्पल काढली, गणपतीला वाकून नमस्कार केला, त्या माणसाला कोपरापासून हात जोडले आणि गणपती त्याच ऑटोतून परत. काकू चिडल्या. “अहो, दारात आलेला गणपती कोणी परत पाठवते का? काहून असं करता?”

“नमस्कार केला ना? तेवढा आपला. बाकी सगळी लाच.”

दुसरा नियम, कोर्टातलं कोर्टात. कोणाचा खटला, कोण साक्षीदार, घरी एक अक्षर नाही. काकूंना नवऱ्याच्या केसेस पेपरातून कळायच्या. याचा काकांना फार अभिमान होता. मी सांगते, ह्याच अभिमानानं घात केला. दुसरा कुठलाही नवरा घरी बडबडला असता, आणि सगळं वाचलं असतं.

सगळं म्हणजे दद्दाची केस. त्याचं खरं नाव मी लिहीत नाही, शहरातही कोणी घेत नसे. दद्दा म्हटलं की पुरे. नर्मदेतली रेती त्याची, रिकामे प्लॉट त्याचे, आणि जे प्लॉट त्याचे नव्हते ते लवकरच होणार असायचे. रेल्वेतून रिटायर झालेल्या एका म्हाताऱ्या गार्डसाहेबांनी आपला प्लॉट द्यायला नकार दिला. सकाळी दूध घ्यायला फाटकाबाहेर आले आणि चार जणांनी सळ्यांनी मारून टाकलं. दद्दा एरवी कधी जागेवर नसायचा. त्या सकाळी होता. गाडीची काच खाली करून त्यानं विचारलं, “हो गया? चलो.” बस, तीन शब्द.

समोरच्या पंक्चरच्या दुकानात सात-आठ माणसं होती. सगळ्यांची पाठ नेमकी त्याच वेळी रस्त्याकडे होती म्हणे! एकानंच पाहिलं म्हणून सांगितलं. वसंत भोयर नावाचा माणूस, रांझीला राहणारा, फॅक्टरीत कामाला. मोटरसायकल पंक्चर झाली म्हणून थांबला होता. मागे ना पैसा ना ओळख. त्याच्या घरासमोर नाल्यावरच्या पुलियावर रोज दोन माणसं येऊन बसायला लागली. काही करायची नाहीत, नुसती हसायची. भोयर त्यांच्या समोरून ड्यूटीवर जायचा आणि यायचा. पलटला नाही. दद्दाला शिक्षा होणार की नाही हे त्या एका माणसाच्या शब्दावर होतं. काकांनी त्याला घरी कधी बोलावलं नाही, त्याच्या घरी गेले नाहीत, ऑफिसबाहेर एक वाक्य बोलले नाहीत. इतका जपला होता तो साक्षीदार.

आणि मग आली संक्रांत.

काकूंचं हळदीकुंकू म्हणजे आमच्या मराठी बायकांचं संमेलनच. त्या दिवशी काका नर्मदेच्या ग्वारीघाटावर जाऊन बसायचे, दिवे लागल्यावरच परत. घर बायकांचं. त्या वर्षी वाण म्हणून काकूंनी फिरकीच्या झाकणाचे स्टीलचे डबे आणले होते, आत तिळगूळ. आमच्या महिला मंडळातली रांझीची एक बाई आपल्या शेजारणीला सोबत घेऊन आली. बुजरी, नाजूक, हातात पदर धरून उभी. काकूंनी तिला पुढं ओढलं, कुंकू लावलं, डबा दिला, आणि मला म्हणाल्या, “मीनल, हिचा फोटो काढ गं. पहिल्यांदा आली बिचारी.”

मी काढला. आणि घरी येऊन मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. वर हौसेनं लिहिलं: ‘टेंबेकाकूंचं हळदीकुंकू. रांझीच्या भोयरवहिनी पहिल्यांदाच आल्या, काकूंनी खास डबा दिला!’ शेवटी दोन फुलं.

भोयर कोण, काकूंना माहीत नव्हतं. मला नव्हतं. हे घर सरकारी वकिलाचं, ते भोयरबाईंना नव्हतं. ज्याला सगळं माहीत होतं तो माणूस घाटावर आरती बघत बसला होता.

दोन महिन्यांनी एका सकाळी काका फाटकावर येऊन म्हणाले, “चल. तुझं नागरिकशास्त्र खरं करून दाखवतो. मालिका बघून बघून डोकं सडून राहिलं तुझं.” मला सुट्टी होती, गेले. मागच्या बाकावर बसले. दद्दा पांढऱ्या कपड्यांत, कुणाच्या मुंजीला आल्यासारखा प्रसन्न. पिंजऱ्यात एक सावळा, चाळिशीचा माणूस. काकांनी त्याला छोटे छोटे प्रश्न विचारले. आवाज चढला नाही, टेबलावर मूठ नाही. एकेक उत्तर टायपिस्ट टाइप करत होता. शेवटी काका म्हणाले, “वह व्यक्ति आज यहाँ है?” आणि भोयरनं हात सरळ करून दद्दाकडे बोट दाखवलं. त्या क्षणी दद्दाचं हसू गेलं होतं, मी पाहिलं.

मग दद्दाचा वकील उठला. त्यानं एक कागद साक्षीदारापुढं धरला.

“यह आपकी पत्नी हैं?”

“जी.”

“किसके घर में खड़ी हैं?”

भोयरनं नीट बघितलं. “मालूम नहीं साहब.”

“हम बताते हैं. सरकारी वकील साहब के घर में.”

काका ताडकन उठले. फोटो कुठला, तो खरा असल्याचं प्रमाणपत्र कुठं, असं काहीबाही म्हणत होते, पण साक्षीदारानं बायको ओळखली होती. ग्रुपवरून फिरत फिरत फोटो दद्दापर्यंत पोचला होता, माझ्या नावासकट, आणि वकील माझी ओळ वाचत होता. माझी मराठी ओळ, हिंदी उच्चारात, सावकाश. “काकूंनी खास डबा दिला. खास! क्या था डिब्बे में?”

“तिळगूळ होगा साहब. संक्रांत का. हमारे में देते हैं.”

“किसको देते हैं?”

“सुहागिनों को.”

“गवाहों की सुहागिनों को?”

कोर्टात हसू फुटलं. मला जमीन दुभंगावी असं झालं. मग त्या वकिलानं काकांकडे बघत, काकांच्याच चालीत विचारलं, “यह कहना सही है कि सरकारी वकील के घर से आपके घर डिब्बा आया, और उसके बाद आपने वही गवाही दी जो आपको सिखाई गई?”

भोयरनं सरळ ‘गलत है’ म्हणून टाकायचं होतं. पण खरा माणूस. “डिब्बा आया था,” तो म्हणाला. “बाकी गलत है.”

टायपिस्टनं ते टाइप केलं.

काकांनी एकदाच मागं वळून माझ्याकडे पाहिलं. राग असता तर बरं झालं असतं. नव्हता.

बाहेर निंबाखाली त्यांचा ज्युनिअर काकुळतीला आला होता. “सर, भाभीजी को बुला लेते हैं. वाण क्या होता है, किसको दिया, उनको कुछ पता नहीं था, पाँच मिनट की गवाही है.”

“नहीं.”

“सर, नहीं तो केस गया.”

“नहीं बोला ना!” मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, “तो वकील तिला दोन तास उभी ठेवील, मीनल. अन् एवढं करून दद्दा सुटला, तर ही जन्मभर म्हणत राहील, माझ्या डब्यानं सुटला. शालूला कळता कामा नये. कधीच.”

मला काय म्हणता आलं असतं, ते मला आजही पाठ आहे. ‘काका, फोटो मी काढला, ओळ मी लिहिली, मी उभी राहते.’ तोंडापर्यंत आलं होतं. समोर चहाच्या टपरीवर दोन माणसं बसली होती. त्यातला एक माझ्याकडे बघून हसला. मी पर्स उघडून रुमाल शोधायला लागले. काकांनी मला विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. शाळेत मुलांना मी ‘नागरिकाची कर्तव्ये’ शिकवते.

काकांचाही राग येतो मला, खोटं कशाला बोलू. एवढा नियमांचा माणूस, गणपती परत पाठवणारा, आणि ऐन वेळी बायकोसाठी केस सोडली. त्या मेलेल्या गार्डसाहेबांना कोण होतं मग? भोयरला कोण होतं? हे मी एकदा त्यांना तोंडावर विचारलं. म्हणाले, “यह कहना सही है.” पुढं काही नाही. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

दद्दा सुटला. एकमेव साक्षीदार, त्यावर संशय, संशयाचा फायदा आरोपीला; पेपरातही तेवढंच आलं. जीपवर उभा राहून, गळ्यात झेंडूचे हार घालून तो सदर बाजारातून गेला, आणि आम्ही आपापल्या गॅलरीतून पाहिलं. काकू म्हणाल्या, “काय हो, तुमची केस होती ना ही? काय झालं मग?”

“पुरावा कमी पडला,” काका म्हणाले आणि आत गेले.

महिन्याभरानं भोयर आमच्या गल्लीत आला. टेंब्यांच्या फाटकाशी घुटमळला आणि मला बघून माझ्याकडे आला. घर विकून छिंदवाड्याकडे गावी चालला होता. पिशवीतून त्यानं तो डबा काढला. “ताई, हा काकूंना देऊन द्या. रिकामा डबा वापस करत नसतात ना आपल्यात, म्हणून साखर टाकली.”

मी डबा घेतला. माझ्यानं ‘बसा’ सुद्धा म्हणवलं नाही.

जाता जाता म्हणाला, “मी खोटं नव्हतो बोललो, ताई. मी पाहिलं होतं.”

“मला माहीत आहे हो,” मी म्हणाले. मला माहीत असून त्याचा काय उपयोग झाला?

काकांना मी डबा दाखवला. त्यांनी झाकण फिरवून उघडलं, चिमूटभर साखर तोंडात टाकली. खटल्यातल्या माणसाकडून त्यांनी घेतलेली ती एकच वस्तू. “तुझ्याकडेच राहू दे,” म्हणाले. माझ्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर आहे तो. साखर दगड झाली आहे.

त्याच वर्षी काका निवृत्त झाले, आणि मालिकेवरचं ओरडणं दुप्पट झालं. काकू त्रासून म्हणायच्या, “आता तर कोर्ट सुटलं ना तुमचं? मग काहून जीव खाऊन राहिले?” मला ठाऊक होतं हे कोणावर ओरडतायत. मालिकेत दर वेळी सत्याचा विजय व्हायचा. अगदी शेवटच्या क्षणी कोणीतरी धावत यायचं, “रुकिए! मैं गवाही दूँगी!” ओढणी उडते आहे, संगीत वाजतं आहे. काका म्हणायचे, “अशी कोणी येत नसते. असं कोर्टात होत नसतं.” आणि मी भिंतीकडे बघायचे. ते मला उद्देशून म्हणत नव्हते. मला तसं वाटायचं, एवढंच.

आता शेवटचं सांगते. आता सांगते त्या रविवारनंतर चार दिवसांनी मी शाळेच्या सहलीबरोबर बाहेरगावी गेले आणि परतले तोवर काका हृदयविकारानं गेले होते. म्हणजे तो रविवार शेवटचा.

त्या रविवारी मालिकेत एका मोठ्या डॉनचा खटला होता. आठवडाभर जाहिरात चालली होती. काकूंनी पोहे करून ठेवले, मी गेले, काका कोट घालून खुर्चीत सज्ज. पहिली पंधरा मिनिटं नेहमीसारखी गेली. हातोड्यावरून एकदा, टायपिस्टवरून दोनदा आरडाओरडा झाला. साक्षीदारानं डॉनकडे बोट दाखवलं. काकूंनी टाळी वाजवली. मग डॉनचा वकील उठला आणि त्यानं खिशातून मोबाइल काढला.

पडद्यावर फोटो आला. साक्षीदाराची बायको आणि सरकारी वकिलाची बायको, दिवाळीच्या पार्टीत, हातात मिठाईचा डबा.

माझ्या हातातली पोह्यांची बशी तशीच राहिली. काकांचं ओरडणं थांबलं. इतक्या वर्षांत त्या मालिकेनं पहिल्यांदा काही बरोबर दाखवलं होतं. अगदी तसंच. तो वकील हसला पण तसाच.

“अगं बाई!” काकू पुढं सरकून बसल्या. “म्हणजे आता सुटते का काय हा मेला? बायकांच्या डब्यावरून?”

काकांनी रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला.

“अहो! बंद काहून केला? आता तर खरी मजा होती.”

“असं कोर्टात होत नसतं,” काका म्हणाले. आवाज चढलेला नव्हता.

“अहो पण फोटो दाखवला तर जज काय म्हणेल?”

“काही म्हणत नसतो. फोटोनं काही होत नसतं, शालू. कोणी सुटत नसते असल्यानं. फालतू लिहितात.”

काकूंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. “तुम्ही म्हणता म्हणजे नसेल होत,” म्हणाल्या, आणि बशा गोळा करून आत गेल्या. नवऱ्याच्या कोर्टाच्या ज्ञानावर त्यांचा पूर्ण विश्वास होता.

काका काळ्या पडद्याकडे बघत बसले होते, रिमोट दोन्ही हातांत धरून. मी उठले. चप्पल घालत होते तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला, “मीनल, संक्रांत आली गं. यंदा वाण काय देऊ? मागं ते फिरकीचे डबे दिले होते, सगळ्यांना फार आवडले होते. तेच देऊ का पुन्हा?”

मी दुसरी चप्पल शोधत राहिले. काकांनी वळूनही पाहिलं नाही.

“दे ना,” ते खुर्चीतूनच म्हणाले. “डबेच दे. चांगले मोठे बघून दे.”